साहेब होण्याआधी फ्लेक्सवाल्याला भेटा

नेता व्हायचं मनावर घेतलं असेल तर ज्योतिषाकडे जाऊ नका. वकिलाकडेही आत्ताच नको, ते पुढे रोजचंच होणार आहे. आधी माझ्या दुकानात या. ठाण्यात वीसेक वर्षं फ्लेक्स छापतोय. कोण चढलं, कोण घसरलं, कोण आत गेलं आणि कोण जामिनावर बाहेर आलं, हे मला पेपरवाल्यांच्या आधी कळतं. ऑर्डर माझ्याकडे येते ना.

सुरुवात वाढदिवसाने करा. स्वतःच्या नव्हे, साहेबांच्या. वरच्या पट्टीत दिल्लीचे आणि मुंबईचे, गोल चौकटीत. मधोमध साहेब, हात जोडलेले. त्यांच्या खांद्याशी तुम्ही, मोबाइल कानाला लावून. मोबाइल हवाच; हात रिकामा दिसला की लोकांना वाटतं पोराला काम नाही. खाली शुभेच्छुक, पासपोर्ट साइझमध्ये बत्तीस डोकी. तुमचं डोकं साहेबांपेक्षा मोठं जाता कामा नये. एकाचं चुकून गेलं, तर रात्री साडेअकराला पोरांनी शटर उघडायला लावलं आणि त्याचं डोकं माझ्यासमोर कापलं. (कॉम्प्युटरवर. आपल्या जिल्ह्यात खुलासा केलेला बरा.)

पालिकेच्या परवानगीशिवाय फ्लेक्स लावणं हा १९९५ च्या विद्रूपण कायद्याने गुन्हा आहे. म्हणून तो परवानगीशिवायच लावा. पहिला गुन्हा असा बिनरक्ताचा असला की हात बसतो.

मग पैसा. कुठल्याही साईटवर पाया खणायला घेतला की चहा प्यायला जा. रेती कोणाची, विटा कोणाच्या, डेब्रिज कोण उचलणार, एवढंच विचारा. आवाज चढवू नका. सोबतची चार पोरं गप्प उभी राहिली की बिल्डरला सगळं ऐकू येतं. उन्हाळ्यात टँकर तुमचा आणि पाणी येत नाही म्हणून काढलेला मोर्चाही तुमचाच, असं जमवता आलं तर तुम्ही जन्मजात नेते आहात, माझ्या सल्ल्याची गरज नाही. उमेदवारी अर्जाच्या शपथपत्रात मात्र व्यवसाय ‘शेती व समाजसेवा’ लिहा. घोडबंदर रोडला शेती कुठे उरली, असं कोणी विचारत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं आणि समाजसेवेचं कोणी मोजत नाही.

विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. हसू नका, आहे. हिशेब त्यातच बसवायचा असतो, आणि बसतो.

आता मारामारीचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ कलम १०९ झालं. पोरं अजून ‘तीनशे सात’च म्हणतात. शंभर नऊला तो भारदस्तपणा नाही, आधारकार्डाच्या रांगेतला टोकन नंबर वाटतो. तुम्ही जुनाच आकडा वापरा. हात मात्र स्वतः उचलू नका, हा माझा आग्रह होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मोडीत निघाला. उल्हासनगरच्या हिल लाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, एका विद्यमान आमदाराने मित्रपक्षाच्या शहरप्रमुखावर गोळ्या झाडल्या. वाद जागेचा. सीसीटीव्हीत सगळं दिसलं आणि गोळी आपणच झाडल्याचं आमदारांनी वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलंही. त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्याच मतदारसंघातून उमेदवारी त्यांच्या पत्नीला मिळाली आणि त्या निवडून आल्या. तेव्हा घरातल्यांचे चांगले फोटो आधीच काढून ठेवा. ऐनवेळी फ्लेक्सवर फक्त चेहरा बदलायचा असतो, आडनावाचा फाँट तोच राहतो.

गुन्हे लपवायच्या भानगडीत पडू नका. ती जुनी पद्धत झाली. सुप्रीम कोर्टाने २०२० च्या फेब्रुवारीत पक्षांना सांगितलं की गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिलात तर तोच का दिला, स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे छापा. आणि ‘निवडून येतो म्हणून’ एवढंच कारण चालणार नाही. त्यामुळे आता कारण छापून येतं. लोकप्रिय आहेत, कार्यतत्पर आहेत, गुन्हे राजकीय सूडातून आहेत. मजकूर इतका जमलेला असतो की मला मीच छापलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची आठवण होते. फक्त तो पेपरात मुंगीएवढ्या टायपात येतो. वीस वर्षांत एकानेही ‘दहा बाय वीसवर टाका, दाखल गुन्हे सात’ अशी ऑर्डर दिलेली नाही. आणि खरं सांगतो, टाकलं असतं तरी मतं कमी झाली नसती.

कोणी तुम्हाला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं उदाहरण देईल. लक्ष देऊ नका. सिडकोने नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या त्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात दोन दिवसांत पाच आंदोलक पोलिसांच्या गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड शेतकऱ्यांना परत मिळायची वाट मोकळी झाली. त्यात तुमच्यासाठी काही नाही. तुमचं काम त्या साडेबारा टक्क्यांच्या सातबाऱ्यावर भावाभावांत भांडण लागलं की सुरू होतं. दि. बां.चा फोटो मात्र वरच्या पट्टीत घ्या, तो चालतो.

एक ऑर्डर अवघड जाते, श्रद्धांजलीची. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला काही महिन्यांत उभी केलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. अटक झालेल्यांत बिल्डर होते, पालिकेचे अधिकारी होते, पोलीस होते, नगरसेवकही होता. ७४ नावं दहा बाय वीसवर वाचता येतील अशी बसत नाहीत, मी हिशेब करून पाहिलाय. श्रद्धांजली वाहणाऱ्यांची बसतात.

तुम्ही म्हणाल, एवढं कळतं तर हा माणूस छापतो कशाला? माझं दुकान फुटपाथवर चार फूट पुढे आलंय. पालिकेची गाडी नाक्यापर्यंत येते, एक फोन होतो, गाडी वळते. तो फोन कोण करतं, तुम्ही ओळखलंच असेल. त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मी फुकट करतो, दोरी ओवायच्या आयलेटसकट. खाली शुभेच्छुकांत शेवटून दुसरं डोकं माझंच आहे.

आता ठेवतो. बाहेर एक पोरगा उभा आहे, पहिलीच ऑर्डर. विचारतोय, फोटोत मोबाइल कुठल्या कानाला लावू.