बसनं तुमचं काय घोडं मारलंय?

पुढाऱ्याला अटक झाली, शिक्षा झाली, की पहिला दगड बसवर! का? निकाल देतं कोर्ट आणि काचा फुटतात कामावरून घरी निघालेल्या माणसाच्या डोक्यावर. आपल्याकडे एसटी फुटते, तिकडे तमिळनाडूत बस पेटते.

27 सप्टेंबर 2014, शनिवार. बेंगळुरूच्या विशेष न्यायालयानं बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात तमिळनाडूच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललितांना चार वर्षं कैद आणि 100 कोटींचा दंड ठोठावला. अठरा वर्षं रखडलेला खटला! मी तेव्हा नोकरीसाठी तिकडेच होतो. सीमेपलीकडे तमिळनाडूतल्या होसूरला निघालो, तर सीमेवरच्या अत्तिबेलेला कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं. गाडी पुढे जाणार नाही. शेजारी एक म्हातारी होती, लेकीच्या बाळंतपणाला कृष्णगिरीला निघालेली. तुपाचा डबा पदराखाली धरून दिसेल त्या खाकी कपड्याला विचारत होती, बस कधी सुटणार. कुणी धड उत्तर देईना. शेवटी गाठोडं डोक्यावर घेऊन ती चालायलाच लागली. तिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?

अम्मांसाठी, म्हणजे जयललितांसाठी, रडणाऱ्यांचं रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. चेन्नईत अम्मा उणवगममध्ये, म्हणजे त्यांच्या सरकारच्या स्वस्त खानावळीत, एक रुपयाची इडली मीही खाल्लीय. गरिबाची माया खरीच असते. रडा, उपाशी बसा, मोर्चा काढा. पण पेट्रोल?

2 फेब्रुवारी 2000 ला कोडाईकॅनलच्या एका हॉटेलला नियम मोडून परवानगी दिल्याच्या प्रकरणात जयललितांना एक वर्षाची शिक्षा झाली आणि धर्मपुरीजवळ त्यांच्या कार्यकर्त्यांनी कृषी विद्यापीठाची सहलीची बस पेटवली. आत पोरं बसलेली असताना! तीन मुली होरपळून मेल्या. पुढे 2001 मध्ये हायकोर्टानं जयललितांना त्या प्रकरणात निर्दोष सोडलं. ज्या शिक्षेपायी पोरी जाळल्या ती शिक्षाच उरली नाही. जाळणाऱ्या तिघांची फाशी 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं जन्मठेपेवर आणली, कारण काय, तर जमावाचा उन्माद. आणि 2018 मध्ये जयललितांच्या पक्षाचे संस्थापक एमजीआर यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं सरकारनं तिघांनाही सोडून दिलं. हे वाचलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ज्यांनी पोरीला डबा बांधून सहलीला धाडलं, त्या आईबापांनी कुठे अपील करायचं?

पुन्हा कुठे बस पेटली की "कार्यकर्त्यांच्या भावनांचा उद्रेक" असं कुणीतरी म्हणेलच. माझ्यासमोर तरी म्हणू नका.