कथाकाराला मैदान नको, वर्ग द्या

शाळेत कथाकथन ठेवायचं ठरलं की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, "माईकची सोय आहे का?" घोळ तिथंच सुरू होतो. माईक आला की मैदान आलं, मैदान आलं की पहिलीपासून दहावीपर्यंत सगळी शाळा आली. मग हार-नारळ, प्रास्ताविक, केंद्रप्रमुखांचे 'दोन शब्द'. गोष्टीला तोंड फुटेस्तोवर पुढं बसवलेली पहिलीची लेकरं चुळबुळ करून दमलेली असतात आणि मागं नववीची पोरं एकमेकांना खडे मारत असतात. वर आपणच म्हणायचं, आजकालच्या पोरांना मोबाईलशिवाय काही गोड लागत नाही.

माझं मत सरळ आहे. एका वेळी एक वर्ग, तीस-पस्तीस मुलं, एक तास. त्याहून जास्त मुलं बसवली की ती सभा होते, आणि सभेत लेकरं ऐकत नाहीत.

वर्गात माईक लागतच नाही. बाकं भिंतीला सारा, सतरंजीवर मुलांना अर्धगोलात बसवा, पहिली रांग कथाकारापासून पाच-सहा फुटांवर. कथाकारानं दाराकडं किंवा खिडकीकडं पाठ करू नये. आपल्याकडचा बाहेरचा उजेड एवढा कडक की मुलांना त्याचं तोंड नुसतं काळं दिसतं. डोळे दिसले नाहीत की निम्मी गोष्ट वाया. पत्र्याची खोली असेल तर पावसात सत्र धरू नका, पत्र्यापुढं भल्याभल्यांचा आवाज बसतो. शिक्षकांनी खोलीतच बसावं, पण मुलांमध्ये, छडी टेबलावर ठेवून. दर दोन मिनिटांनी "ए, गप!" असा आवाज आला तर मुलांचं लक्ष गोष्टीवरून उडून सरांवर जातं.

पहिली-दुसरीला आठ-दहा मिनिटांची, पालुपद असलेली गोष्ट पुरते. तिसरी ते पाचवीला पंधरा-वीस मिनिटं चालतात, सहावीच्या पुढं पंचवीस. तास चाळीस मिनिटांचा असेल तर दोन गोष्टी आणि मधे दोन-चार कोडी. पालुपद गोष्टीच्या आधीच म्हणून घ्यावं, टाळीसकट. मधेच शिकवायला गेलं की लांडगा बिचारा दारात ताटकळतो. आणि गोष्ट शब्दन् शब्द पाठ करू नका. पहिलं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ, मधले पाच-सहा प्रसंग फक्त क्रमानं. पाठांतरवाल्याला एखाद्या पोरीनं "सर, वाघाला थंडी वाजते का?" एवढं विचारलं तरी तो अडखळतो. प्रसंग धरून सांगणारा तो प्रश्नही गोष्टीत ओढून घेतो.

ही युक्ती आपल्या गोंधळ्यांकडं कधीपासून आहे. आख्यान रंगात आलं की साथीदार मुद्दाम खुळा प्रश्न टाकतो, नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, त्याला उत्तर देतो आणि ऐकणाऱ्याच्या मनातली शंका आपोआप फिटते. वर्गात चौथीतलं एखादं वात्रट पोरगं साथीदार म्हणून शेजारी बसवा. तेच उरलेल्यांना गप्प ठेवतं.

गोष्ट संपल्यावर "मग मुलांनो, तात्पर्य काय?" हे कुणीही विचारू नये. विचारलं की वर्ग लगेच परीक्षेला बसतो.

वेळेचं गणित मराठवाड्यात वेगळं आहे. खिचडीच्या आधी दोन सत्रं, नंतर एक. चौथं सत्र घेतलं तर घसा दुसऱ्या दिवशी सांगतो. बीडच्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागात दौरा दिवाळीआधीच उरका. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या हलतात आणि वर्ग ओस पडतात. लेकरं परत येतात तेव्हा ऊन तापलेलं असतं, शाळा सकाळची झालेली असते. तेव्हा एकच सत्र, तेही नऊच्या आत. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू असते, उदगीरच्या बाजूला कन्नड, बंजारा तांड्यावर गोरमाटी. आधी मुलांनाच विचारा, तुमच्या घरी कोल्ह्याला काय म्हणतात. तो शब्द गोष्टीत घातला की मागं बसलेलं पोरगंही पुढं सरकतं.

आता परदेशाचं. आपल्याकडच्या कथाकारांनाही कधीमधी बाहेरच्या शाळांचं बोलावणं येतं. निवड करायची असेल तर मी एडिंबरा म्हणेन. तिथं जुन्या शहरातल्या हाय स्ट्रीटवर, जॉन नॉक्स हाऊसला लागून, निव्वळ गोष्टी सांगण्यासाठी उभारलेलं 'स्कॉटिश स्टोरीटेलिंग सेंटर' आहे आणि ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय कथाकथन महोत्सव भरतो. मुख्य म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारी प्राथमिक शाळांत वर्गाला पटाची मर्यादाच घातलेली आहे: पहिलीला २५, दुसरी-तिसरीला ३०, चौथी ते सातवीला ३३. वर ज्या आकड्यासाठी मी घसा कोरडा करतोय, तो तिथं रोजचाच आहे.

पण तारखा नीट बघा. ऑक्टोबरच्या मध्याला एडिंबराच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते आणि एरवीही त्या दर शुक्रवारी दुपारीच सुटतात. शुक्रवारचं दुसरं सत्र धरलंत तर रिकाम्या बाकांना गोष्ट सांगाल. व्हिसाचंही तसंच. मानधन घेणार असाल तर ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर ते चालतं, पण कार्यक्रम निघण्याआधी ठरलेला हवा, अर्जात लिहिलेला हवा, निमंत्रण तिथल्या संस्थेचं हवं आणि काम पोचल्यापासून ३० दिवसांत संपवायला हवं. "तिकडं गेल्यावर बघू" हा आपला खाक्या इथं चालत नाही. वर्गात मुलांचे फोटो काढायला मोबाईल बाहेर काढू नका, पालकांच्या परवानगीशिवाय ते चालत नाही.

गोष्ट साध्या इंग्रजीत सांगा, पालुपद मात्र मराठीत ठेवा. भोपळ्यातल्या म्हातारीचं 'टुणुक टुणुक' स्कॉटिश पोरांनाही भाषांतराशिवाय कळतं. समजावून सांगावी लागेल अशी वस्तू एका गोष्टीत दोनच्या वर नको, आणि तीही आधी दाखवून घ्या. जातं कसं असतं हे गोष्टीच्या मधे सांगत बसलात तर गोष्ट तिथंच दळली जाते. फेटा-धोतरानं पाच मिनिटं कौतुक मिळतं. पुढची पस्तीस गोष्टीलाच ओढायची आहेत.

सत्रं सकाळची धरा आणि दुपार शहराला द्या. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंतचा रॉयल माईल जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर, पण घाई केली तर काहीच दिसत नाही. दोन्ही बाजूंना 'क्लोज' म्हणतात त्या अरुंद बोळी उतरत जातात. रोज दोन-तीनच बोळी धरा, खाली जाऊन वर या. दगड ओला असतो, चपला घालून गेलात तर घसराल. छत्री वाऱ्यानं उलटते, टोपीचा रेनकोट घ्या. लोथियन बसचा ड्रायव्हर सुट्टे परत देत नाही, कार्ड टेकवा नाहीतर नेमके पैसे काढून ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं जातात, मग पाचच्या आतच अंधार. चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय आणि रायटर्स म्युझियम दोन्ही फुकट आहेत. लेखक वॉल्टर स्कॉटच्या स्मारकाच्या २८७ पायऱ्या मात्र घसा आणि गुडघे शाबूत असतील तरच.

किल्ल्यावरून रविवार सोडून जवळजवळ रोज दुपारी एकला तोफ उडते. बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून १८६१ पासून सुरू झालेली. जवळच्या शाळेत त्या सुमाराला गोष्ट असेल तर राक्षसाचं पाऊल बरोबर एक वाजता पडू द्या. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, गाईड दिवा विझवून गप्प होतो ना, तीच कला.

आणि एक नाव लक्षात ठेवा, डंकन विल्यमसन. १९२८ साली लॉक फाइन या खाडीच्या काठी तंबूत जन्मलेला, तिथल्या भटक्या 'ट्रॅव्हलर' समाजातला हा माणूस पुढं स्कॉटलंडचा नावाजलेला कथाकार झाला. त्या समाजाच्या गोष्टी आणि गाणी एडिंबरा विद्यापीठात १९५१ साली सुरू झालेल्या 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज'नं तंबूतंबूत जाऊन ध्वनिमुद्रित केली. आपल्याकडं ऊसाच्या फडाशेजारी कोप्यांमध्ये, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, सहा महिने काढून आलेल्या लेकरांना शाळा विचारते, "किती पाढे विसरलास?" तिथं रात्री काय ऐकलंस, हे कुणी विचारत नाही. कथाकारानं तरी विचारावं. एप्रिलमधल्या त्या एकुलत्या सत्रात पहिली वीस मिनिटं त्यांनाच बोलू द्यावं.

राहिला पैसा. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये, त्यातच वीजबिल, खडू, डागडुजी. त्यातून कथाकाराचं मानधन निघणार नाही हे उघड आहे. एका केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी मिळून आठवडा ठरवावा, रोज दोन शाळा. प्रवास आणि मुक्काम एकाच गावात, शाल-श्रीफळाला फाटा देऊन ते पैसे मानधनात घालावेत, कमी पडलं तर लोकवर्गणी. गावजेवणाला जमते, याला का नाही? कथाकारानंही फोनवर तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: मुलं किती, खोली कुठली, आणि सत्कार गोष्टीनंतर. तिसरी मुख्याध्यापकांकडून व्हॉट्सअपवर लेखी घ्या, तोंडी कबूल केलेली हमखास विसरली जाते.