फुसका बार

कोल्हापुरात नेमबाजीचे वारे तसे जुनेच. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, तेव्हापासून ते गावभर वाहत होते. पण १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्या वाऱ्याने आमच्या दाराची कडी वाजवली. कन्येने एअर रायफल मागितली. मी भविष्यनिर्वाह निधीला हात घातला आणि महिन्याभरात, बाळंतिणीला घरी आणावे इतक्या जपणुकीने, एक जर्मन रायफल घरी आणली. सोबत वर्षभराची वॉरंटी होती. तिचे कार्ड मी कपाटात, घराच्या खरेदीखताखाली ठेवले.

या रायफलीला दारू लागत नाही, ती हवेवर चालते. नळीच्या खाली एक लांबट सिलिंडर असतो आणि त्यात २०० बार दाबाने हवा भरलेली असते. मोटारीच्या टायरमध्ये ती जेमतेम सव्वादोन बार असते, यावरून वाचकांनी अंदाज बांधावा. मराठीत बार म्हटला की बंदूक तरी उडते, लग्न तरी उरकते, नाहीतर गृहस्थ रात्री उशिरा घरी येतो. हा चौथा बार मला पन्नाशीत भेटला. १० मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर सव्वा तासात ६० वेळा नेम धरायचा असल्यामुळे तो दाब भरवशाचा असावा लागतो, एवढे मला समजले होते.

दहाव्या महिन्यात परीक्षेमुळे रायफल आठवडाभर पेटीत पडून होती. ठेवली तेव्हा काटा २०० वर होता, उघडली तेव्हा १७० वर. रायफल कोणी उडवली नव्हती, शेजाऱ्यांचा मुलगाही गावी गेलेला होता. प्रशिक्षक म्हणाले, “सील गेलं असेल. वॉरंटीत आहे ना? मग काळजीच नाही.” या वाक्यावर मी त्या रात्री शांत झोपलो, आणि तीच शेवटची शांत झोप.

कंपनीला पत्र लिहिले. तीन दिवसांत अत्यंत सुसंस्कृत उत्तर आले: गैरसोयीबद्दल खेद वाटतो, कृपया क्रमांक, पावती आणि गळती स्पष्ट दिसेल असे चित्रीकरण पाठवावे. हवा डोळ्यांना दिसत नाही, असे मला प्राथमिक शाळेत छडी मारून शिकवलेले होते. तरीही आम्ही सिलिंडर बादलीत बुडवला आणि सारे कुटुंब बादलीभोवती, सत्यनारायणाला बसावे तसे, गोल बसले. दर वीस सेकंदांनी तोंडाच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा धरायचा, तो हळूहळू वाटाण्याएवढा व्हायचा आणि काही तरी आठवल्यासारखा सुटून वर यायचा. सहा मिनिटांच्या त्या चित्रीकरणात मागून सौभाग्यवतींचा आवाज ऐकू येतो: “ती धुण्याची बादली आहे, आधी सांगून ठेवते.” कंपनीने आभार मानले आणि तितक्याच सौजन्याने कळवले की, सिलिंडरचा पाण्याशी संपर्क आल्याचे चित्रीकरणात दिसते, आणि माहितीपुस्तिकेत तो कोरड्या जागी ठेवण्याची सूचना आहे. तथापि सद्भावनेपोटी तो भारतातील विक्रेत्याच्या सेवाकेंद्रात तपासण्यात येईल. विक्रेता उत्तरेत, दीड हजार किलोमीटरवर. त्याला फोन केला की तो “हो जाएगा सर” म्हणतो. काय होईल आणि केव्हा, हे त्याच्या मते आपण विचारू नये.

मधल्या काळात मी गुपचूप शिवाजी उद्यमनगरात जाऊन आलो. जिथे ऊस गाळण्याच्या चरकापासून पंपाच्या सुट्या भागापर्यंत वाटेल ते घडवून मिळते, तिथे एक रबराची रिंग मिळणार नाही असे मानणे हा कोल्हापूरचा अपमान होता. कारागिराने सिलिंडर हातात घेतला, त्यावरचा २०० हा आकडा वाचला आणि देव ताम्हनात ठेवावा तसा तो अलगद काउंटरवर ठेवला. “रिंग धा रुपयाची असंल साहेब, पण त्यात हात घालणार न्हाई. सुटला तर भिंतीतनं जाईल.” या संपूर्ण प्रकरणात मला पहिल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देणारा हा एकमेव माणूस.

मग कुरिअर. अर्जावर मी प्रामाणिकपणे ‘रायफलचा सिलिंडर’ असे लिहिले आणि खिडकीतल्या तरुणाने खोक्यावरचा हात झटकन काढला.

“लायसन हाय?”

४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपेक्षा अधिक शक्ती नसलेल्या हवेच्या बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, हे मी त्याला सांगितले. त्याने ते मान हलवत ऐकले आणि विचारले, “आत काय हाय?”

“हवा.”

“मग नाही जमणार. दाबाची हवा चालत न्हाई.”

“अहो, ती गळते म्हणूनच तर पाठवतोय.”

“सगळी गळू द्या, मग या.”

दर वीस सेकंदांना एक बुडबुडा या हिशेबाने ते माझ्या निवृत्तीपर्यंत चालले असते. म्हणून रेंजवर नेऊन हवा सोडून दिली, सिलिंडर रिकामा असल्याचे प्रशिक्षकांकडून शिक्क्यानिशी लिहून घेतले आणि अर्जावर ‘खेळाचे साहित्य’ असे लिहून ती पेटी एकदाची रवाना केली. पुढचे पाच आठवडे कन्या क्लबच्या उसन्या सिलिंडरवर नेम धरत होती. त्या सिलिंडरवर छापलेली दहा वर्षांची मुदत संपत आली होती. ती संपली की स्पर्धेतल्या उपकरण तपासणीत तो बाद ठरतो. आमच्या सिलिंडरची मुदत नऊ वर्षे शिल्लक होती. तो फक्त जागेवर नव्हता.

सहाव्या आठवड्यात खोके परत आले. आत सिलिंडर होता आणि सोबत तपासणीचा अहवाल, ज्यातली दोन वाक्ये मी आता झोपेतही म्हणून दाखवू शकतो. पहिले: सिलिंडर रिकामा मिळाल्यामुळे ग्राहकाने कळवलेल्या गळतीची खातरजमा करता आली नाही. दुसरे: नियमानुसार भरून तासभर निरीक्षण केले असता काट्यात फरक आढळला नाही. तासाभरात पाव बारसुद्धा उतरत नाही, हे शोधायला मला त्रैराशिक मांडावे लागले. त्यांनी बहुधा मांडले नसावे. वाहतुकीच्या नियमास अनुसरून तो पुन्हा रिकामा करून पाठवण्यात येत आहे, असे खाली नम्रपणे नमूद केले होते. विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, “हो गया ना सर?”

काल रेंजवरून सिलिंडर भरून आणला. वॉरंटीचे अकरा दिवस उरले आहेत. सौभाग्यवतींनी या वेळी कोणी न सांगता धुणे बाजूला काढून बादली स्वच्छ घासून दिली, कन्येने मोबाईल धरला, मी घड्याळाकडे पाहत मोजू लागलो. सतरा, अठरा, एकोणीस.

“आला,” सौभाग्यवती म्हणाल्या.