संध्याकाळी सहाची भूक खोटी नसते

गेल्या महिन्यात आमच्या आत्याने संध्याकाळचे खाणे एकाएकी बंद केले. आत्या ६८ वर्षांची आहे, सांगलीला एकटी राहते, बारा वर्षांपासून तिला मधुमेह आहे आणि सहाच्या चहाबरोबर दोन खाऱ्या किंवा वाटीभर चिवडा हा तिचा जुना नेम आहे. नेम का मोडला असे विचारल्यावर तिने फोनच पुढे केला. व्हॉट्सॲपवरच्या नातेवाइकांच्या गटात आलेला तो संदेश मलाही त्याआधी तीन ठिकाणांहून येऊन गेला होता आणि प्रत्येक वेळी मी तो पुरता न वाचता पुसून टाकला होता. तेव्हाच उत्तर लिहिले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

संदेशातील दावे थोडक्यात असे आहेत. संध्याकाळची भूक ही खोटी भूक असते, ती प्रत्यक्षात तहान असते, म्हणून त्या वेळी फक्त लिंबू पिळलेले कोमट पाणी प्यावे. सहानंतर जठराग्नी विझतो आणि पोटात जाईल त्या प्रत्येक घासाची चरबी होते. जपानच्या शास्त्रज्ञाला उपाशी राहण्याच्या शोधासाठी नोबेल मिळाले आहे. मधुमेह्यांनी दुपारच्या जेवणानंतर थेट रात्रीच जेवावे, म्हणजे चाळीस दिवसांत गोळ्या सुटतील. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, पहिले काही दिवस हात थरथरले किंवा घाम आला तर घाबरू नये, कारण शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडत असतात.

मी सुरुवात या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण बाकीची वाक्ये नुसती चुकीची आहेत आणि हे वाक्य माणसाचा जीव घेऊ शकते.

नवव्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास आत्या देवापाशी दिवा लावायला बसली. काडेपेटीतल्या तीन काड्या मोडल्या तरी वात पेटेना, कारण हात स्थिर राहत नव्हता. डोक्यावर पंखा चालू असूनही पाठीला पदर चिकटला होता. खालच्या मजल्यावरच्या काकू योगायोगाने कोथिंबीर द्यायला आल्या, त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि स्वतःचे साखर मोजायचे यंत्र वर आणून बोटाला सुई टोचली. आकडा ५४ आला. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा तो ८२ झाला होता, आणि मग तिला वरणभात खाऊ घातला. रात्री फोनवर आत्या मला म्हणाली, "अरे, मला वाटलं त्यात लिहिलंय तसं विष बाहेर पडतंय. म्हणून मी तर उलट बरं वाटून घेत होते."

जे घडत होते त्याला वैद्यकात हायपोग्लायसेमिया म्हणतात आणि बोलीत 'साखर उतरणे' म्हणतात. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर ॲड्रेनलिन हे संप्रेरक सोडून धोक्याची घंटा वाजवते. थरथर, घाम, छातीत धडधड आणि वखवख ही त्या घंटेचीच रूपे आहेत. साखर आणखी उतरली की बोलण्यात असंबद्धपणा येतो, मग शुद्ध हरपते. घंटा वाजत असताना 'घाबरू नका, हे चांगले लक्षण आहे' असे सांगणारा माणूस घराला आग लागली असताना धुराला धूप म्हणतो आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांची थरथर आणि धडधड त्या गोळ्यांमुळे दबते आणि बहुतेक वेळा घाम तेवढा जाणवतो, म्हणजे अनेक वृद्धांच्या बाबतीत उरलेली एकमेव खूणही या संदेशाने 'विष' ठरवून टाकली आहे.

आता हे आत्याच्याच बाबतीत का झाले, तेही समजून घेतले पाहिजे. ती सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेते. हे औषध स्वादुपिंडाला साखर उतरवणारे इन्सुलिन सोडायला भाग पाडते आणि तुम्ही जेवलात की नाही याची फारशी वाट पाहत नाही. सकाळची एक गोळी दिवसभर काम करते. बाराला जेवून रात्री साडेआठपर्यंत पोट रिकामे ठेवले, तर त्या साडेआठ तासांतही तिचे काम चालूच राहते. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. ज्यांची फक्त मेटफॉर्मिन, म्हणजे इन्सुलिन सोडायला भाग न पाडणारी मधुमेहाची गोळी, चालू आहे त्यांची साखर सहसा अशी उतरत नाही, आणि म्हणूनच 'मी तर महिनाभर केले, मला काही झाले नाही' असे गटात लिहिणाऱ्या काकांचा अनुभव खरा असूनही तो आत्याच्या उपयोगाचा नव्हता. रमजानचे रोजे ठेवणाऱ्या मधुमेह्यांसाठी डॉक्टर आधीच गोळ्यांचे प्रमाण आणि वेळ बदलून देतात. उपास करायचा असेल तर औषध आधी बदलावे लागते, ही गोष्ट वैद्यकात सर्वमान्य आहे, फक्त संदेश लिहिणाऱ्याच्या कानावर ती गेलेली नाही.

गोळ्या सुटण्याबद्दल मला नाइलाजाने अर्धे मान्य करावे लागते. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या चाचणीत कडक कमी उष्मांकाच्या आहाराने वर्षभरात ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात आला होता. पण ते सगळे जण मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले होते, इन्सुलिन घेणारे त्यात नव्हते आणि मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली थांबवल्या होत्या. संदेशाचा सल्ला नेमका उलटा आहे: गोळ्या चालू, खाणे बंद.

सहानंतर सगळ्याची चरबी होते, या दाव्याला एकच अभ्यास पुरेसा आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एप्रिल २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारखाच कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यातील एका गटाने फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत खाल्ले, म्हणजे संदेशापेक्षाही दोन तास कडक नियम पाळला. दुसऱ्या गटाला वेळेचे बंधन नव्हते. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ८.० किलो उतरले आणि दुसऱ्याचे ६.३ किलो, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका किरकोळ आहे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. सहाच्या ठोक्याला चरबीचा कारखाना सुरू होत असता, तर ज्यांनी वर्षभर संध्याकाळीही खाल्ले त्यांचे सहा किलो उतरलेच नसते. वजन उतरले ते एकूण खाणे कमी झाल्यामुळे.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेच जेवण चार तास उशिरा दिले तर भूक वाढते आणि शरीराचा ऊर्जाखर्च थोडा घटतो, असे बोस्टनच्या प्रयोगशाळेत एका छोट्या गटावर दिसले आहे, तेव्हा रात्री दहाला ताट वाढून बसणे चांगले नाही हे मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय रात्रीचे जेवण अलीकडे ओढणे हा आहे, दुपारपासून उपाशी ठेवून माणसाला रात्री ताटावर तुटून पडायला लावणे हा नाही.

भूक खोटी असते, हेही खरे नाही. झोप आणि जेवण दिवसरात्रीच्या घड्याळापासून तोडून प्रयोग केले, तरीही शरीराची भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते, आणि गोड, खारट व पिठूळ पदार्थांची ओढही तेव्हाच जास्त असते, असे २०१३ मध्ये दिसून आले आहे. म्हणजे संध्याकाळी शेव आठवते यात इच्छाशक्तीचा दोष फारसा नाही. त्यात दुपारी डब्यातली दोन पोळ्या-भाजी खाल्लेली असते, ताटात वरण-उसळ नावालाच असते आणि पुढचे जेवण नऊला असते. या भुकेला लिंबूपाणी पाजणे म्हणजे तिला तासाभराची तारीख देणे आहे.

अर्थात डबा मांडीवर घेऊन मालिका पाहताना जो हात आपोआप चालतो, त्याला मीही भूक म्हणणार नाही. सकाळची गार भाकरी आणि दही समोर ठेवून पाहावे. ते खावेसे वाटले तर भूक आहे, नाक मुरडले तर चिवड्याची चटक आहे. खारी, टोस्ट, फरसाण यांच्यावर संदेशाने केलेली टीकाही रास्त आहे, कारण त्यात मैदा, तेल आणि मीठच जास्त असते. पण त्याच ओळीत फुटाणे आणि शेंगदाणे यांनाही 'संध्याकाळचे विष' म्हटले आहे, ते कशाच्या आधारावर, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

नोबेलबद्दल दोन वाक्ये पुरेत. योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञांना २०१६ चे नोबेल पेशी स्वतःचे टाकाऊ भाग कसे पचवतात याच्या संशोधनासाठी मिळाले, आणि त्यासाठी त्यांनी उपाशी ठेवले ते यीस्टच्या पेशींना. त्या पेशी ग्लिमेपिराइड घेत नव्हत्या.

आत्याच्या डॉक्टरांनी सगळे ऐकून सकाळची गोळी निम्मी केली, साडेपाचला काहीतरी खायचेच असे बजावले आणि रात्रीचे जेवण आठच्या आत घ्यायला सांगितले. आता ती मूठभर फुटाणे आणि ताक घेते, कधी मोडाची मटकी परतते, आणि जे घ्यायचे ते वाटीत काढून डबा बंद करते. उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवते आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी साखर मोजून वहीत लिहिते. चिवड्याचा डबा मी माझ्याबरोबर न्यावा असे सुचवले, तेव्हा मात्र तिने तो फळीवर आणखी आत सरकवला आणि म्हणाली, "तो असू दे, पाहुण्यांना लागतो."