"तारीख गेलेलं क्लोरीन निर्धोक" म्हणे!

स्विमिंग पूल बंद पडलाय, उरलेल्या केमिकलचं काय करायचं, याचे सल्ले देणारा एक मेसेज तीन ग्रुपवर आलाय आणि लोक खाली अंगठे देतायत. अवतरणात देतोय ती वाक्यं त्यातलीच. सोसायटीच्या कमिटीत असताना पूलच्या शेडची किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे होती म्हणून लिहितोय, नाहीतर गप्प बसलो असतो.

"तारीख उलटली की दम जातो." लिक्विड हायपोचं, म्हणजे पातळ क्लोरीनचं (सोडियम हायपोक्लोराइट) म्हणाल तर अर्धं खरं, 10-12 टक्क्यांचा कॅन उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला तर काही महिन्यांत बराच उतरतो. पण ट्रायक्लोरच्या गोळ्या, ज्यांच्या डब्यावर टीसीसीए 90 लिहिलेलं असतं, त्या कोरड्या राहिल्या तर वर्षानुवर्षं तशाच कडक.

"सगळे डबे एका ड्रममध्ये रिकामे करा, जागा वाचेल." अरे बाबांनो! कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर, दोन्ही क्लोरीनच म्हणून सख्खे भाऊ वाटतात, पण एकत्र येऊन जरा ओल लागली की तापतात, विषारी वायू सुटतो, पेट घेतात, स्फोटही होतो. एकाची पळी दुसऱ्यात घालायची नाही, तळाशी चिकटलेली पावडरसुद्धा नको, आणि फ्लोटरचंही (पूलमध्ये गोळ्या घालून सोडायचा तरंगता डबा) तसंच, कालपर्यंत एक घातलंत त्यात आज दुसरं नाही. यातल्या कशातही पीएच उतरवायचं ॲसिड पडलं तर थेट क्लोरीन वायू, तोच जो 1915 मध्ये ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता.

"थोडं पाणी मारा, थंड पडतं." अमेरिकेत जॉर्जियातल्या कॉनियर्सला सप्टेंबर 2024 मध्ये नेमकं हेच झालं, पूल केमिकलच्या कारखान्यात आग विझवायचा स्प्रिंकलरच बिघडून पाणी मालावर पडल्याचं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि सुमारे 17 हजार लोकांना घर सोडून जावं लागलं. केमिकल पाण्यात टाकायचं, पाणी केमिकलवर नाही.

"संडासात ओता." एसटीपी (सोसायटीचा सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) किंवा सेप्टिक टँक ज्या जिवाणूंवर चालतो तेच मरतील, मग वास कोण सहन करणार?

"गावच्या विहिरीला द्या, टीसीएलच आहे ते." इथे नावातच गफलत आहे. ग्रामपंचायत वापरते ते टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, साधारण 33 टक्क्यांची. टीसीसीए वेगळंच, त्यातलं सायन्युरिक ॲसिड पाण्यात उरतं, शिवाय पूलच्या गोळ्यांत कधीकधी शेवाळ मारायचं औषधही मिसळलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात नकोच.

मग करायचं काय, तर ज्यासाठी आणलं त्यातच संपवायचं. पूल चालू असेल तर एका वेळी एकच प्रकार, संध्याकाळी, कारण ऊन क्लोरीन खातं, आणि टेस्ट किट बघून, क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाखांत एक ते तीन भाग), पीएच 7.2 ते 7.8. जुनं लिक्विड जरा जास्त लागेल, एवढंच. पूल बंदच असेल तर मूळ डब्यात, लेबलसकट, शेजारच्या सोसायटीच्या पूलवाल्याला द्या किंवा माल देणाऱ्या व्हेंडरच्या गळ्यात मारा. घंटागाडीत आणि भंगारात अजिबात नाही, गाडीत तेलकट ओला कचरा असतो, त्यात हे पेट घेऊ शकतं, आणि वर उभा असलेला माणूस कुणाचा तरी बाप असतो.

आणि डबा फुगलाय, झाकणातून वास येतोय, आत ढेकूळ झालंय असं वाटतंय, तर तो उघडू नका, हलवूही नका, शेडपासून सगळ्यांना लांब करा आणि अग्निशमन दलाला, 101 ला फोन लावा.