त्या निवेदनावर मी सही केली नाही, कारण…

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या पेन्शनर मंडळींत सध्या एक निवेदन फिरतंय: 'सरकारी पेन्शन पूर्ण करमुक्त करा.' रविवारी दौलतगंजात ते माझ्यासमोर आलं. मी वाचलं आणि सही न करता परत दिलं. बरेच जण नाराज झाले, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

2025 च्या अर्थसंकल्पानंतर प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. पेन्शनरला वर 75 हजारांची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट. म्हणजे ज्याचं बाकी काही उत्पन्न नाही, त्याला महिना लाखभर पेन्शन असली तरी कर शून्य. मग पेन्शन करमुक्त झाली तर फायदा कुणाचा? लाखाच्या वर पेन्शन घेणाऱ्यांचा, किंवा ज्यांना भाडं-व्याज भरपूर येतं त्यांचा. त्यांच्यासाठी मी सही का करू?

निवेदनात डी. एस. नकारा यांच्या पेन्शनच्या खटल्याचा आधार दिलाय. 17 डिसेंबर 1982 चा तो निकाल आपल्याला देवासारखा आहे, आपण त्या तारखेला पेन्शनर दिन पाळतो. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अगदी खरं. पण मोबदला म्हटलं की पगारासारखा कर आलाच. नोकरीत पगारावर कर भरलाच ना आपण?

आणि आपल्याला काय काय करमुक्त मिळालं, हेही आठवू या. मी 2021 मध्ये केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालो. ग्रॅच्युइटी, विकलेली पेन्शन (म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी घेतलेले पैसे), 300 दिवसांच्या रजेचे पैसे, सगळं पूर्ण हातात आलं, एक पैसा कर नाही. शेजारचे भाऊ त्याच वर्षी मालनपूरच्या एका खाजगी कारखान्यातून बाहेर पडले. रजेच्या पैशांतले फक्त 3 लाख करमुक्त, वरच्यावर कर. ही 3 लाखांची मर्यादा 2002 पासून तशीच होती, 2023 मध्ये 25 लाख झाली, तोवर भाऊंचे पैसे कापून गेले होते. त्यांची ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन महिन्याला चार आकडी आहे. त्यांच्यासमोर बसून 'माझी पेन्शन करमुक्त करा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राज्य सरकारच्या पेन्शनरांचं दुखणं तर कराचं नाहीच. 2000 साली मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं, तेव्हापासून तिकडच्या सरकारची संमती आली नाही म्हणून इथल्या पेन्शनरांची 'महागाई राहत' (महागाईपोटी पेन्शनवर मिळणारी वाढ) लांबली, असं किती वेळा झालंय! त्याबद्दल त्या कागदावर अक्षर नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वरच्या मजल्यावरच्या काकूंबद्दल. काका केंद्र सरकारात होते. आमच्याकडे पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. माणूस गेला आणि सुरुवातीच्या वाढीव दराची मुदत संपली की बायकोला 30 टक्के. घर तेच, लाइटबिल तेच, औषधं उलट वाढलेली. त्यातून कायदा तिला पेन्शनर मानतच नाही! फॅमिली पेन्शन 'इतर स्रोतांतून मिळालेलं उत्पन्न' ठरते, लॉटरीच्या बक्षिसाच्या कप्प्यात. म्हणून काकांना 75 हजारांची वजावट मिळाली असती, तिथे काकूंना फार तर 25 हजार, आणि जुन्या पद्धतीत 15 हजारच.

12 लाखांच्या सवलतीमुळे आज बहुतेक काकूंना कर बसत नाही, हे मान्य. पण ती सवलत एका अर्थसंकल्पाने दिली, दुसरा बदलू शकतो. शिवाय चाळीस वर्षं त्या नोकरीच्या बदल्या, रात्रपाळ्या, अपुरा पगार काकूंनीही सोसलाच. त्या पैशाला कायद्याने पेन्शनच म्हणावं, वजावट काकांइतकीच द्यावी. एवढी मागणी आपल्याला सुचू नये याचं मला फार वाईट वाटलं.

निवेदन पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे. त्यात ही ओळ घाला आणि 'पूर्ण करमुक्त'ची ओळ काढा. पहिली सही माझी घ्या.