मत असावं, पण वॉशिंग्टनपुरतं

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा शपथविधी झाला, हातात छोटा झेंडा आला, फोटो सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. अभिनंदन! आता तुम्ही न्यू जर्सीचे मतदार. म्हणजे तुमच्याकडे ठाम राजकीय मतं असायला हवीत आणि शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या पंगतीला, मसालेभात पानात पडेपर्यंत ती मांडून व्हायला हवीत.

सुरुवात इमिग्रेशनपासून करा, घरचाच विषय. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीनकार्डाच्या रांगेचं सरकारी पत्रक, उघडून आपली तारीख सरकली का ते बघणं, नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा ही धास्ती, हे सगळं शपथ घेतल्या क्षणी विसरायचं. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडवणारा नियम कालपर्यंत तुम्हाला घोर अन्याय वाटत होता ना? आजपासून ती शिस्त. ‘आम्ही नाही का रांगेतून आलो?’ हे वाक्य तोंडात बसवून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. त्यावर ‘बरं झालं, फार गर्दी झाली होती’ एवढंच म्हणायचं. बहिणीच्या मुलाचं प्रकरण वेगळं. तो खरोखरच हुशार आहे.

करांबाबत एकच तत्त्व पाळा: सरकारने लोकांच्या खिशात हात घालू नये. २०१७ च्या कायद्याने केंद्राचा आयकर भरताना मिळणाऱ्या राज्याच्या आणि स्थानिक करांच्या वजावटीला १०,००० डॉलरची मर्यादा घातली, तेव्हा आपल्या राज्याचं कंबरडं मोडलं, कारण इथे सरासरी घराचा नुसता प्रॉपर्टी टॅक्सच आता तेवढा झालाय. २०२५ च्या नव्या कायद्याने मर्यादा ४०,००० वर नेली. ‘बाकी त्या कायद्यात काय होतं?’ असं कुणी विचारलंच, तर कोशिंबीर पुढे सरकवा.

आता मुख्य विषय, राष्ट्राध्यक्ष. यावर जितकं बोलाल तितकं थोडं, कारण तुमच्या बोलण्याने काही बिघडायची भीतीच नाही. न्यू जर्सीत १९८८ नंतर रिपब्लिकन उमेदवार एकदाही जिंकलेला नाही. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो इलेक्टोरल मतांवर आणि राज्यात जिंकेल त्याला ती सगळी मिळतात; आपल्या राज्याची १४ इलेक्टोरल मतं कुणीकडे जाणार हे तुम्ही अंथरुणातून उठायच्या आधीच सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. २००० साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली, पण फ्लोरिडात ५३७ मतं कमी पडली आणि राष्ट्राध्यक्ष झाले जॉर्ज बुश. ते ५३७ लोक तुमच्या गल्लीत राहत असते, तरी उपयोग शून्य होता.

फार वाईट वाटलं तर आपल्या राजधानीला, ट्रेंटनला जाऊन डेलावेअर नदीवरचा पूल बघून या. ‘ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स’ अशी भलीथोरली अक्षरं आहेत त्यावर. पूल ओलांडला की मॉरिसव्हिल, पेनसिल्व्हेनिया, म्हणजे कौल कुणीकडेही झुकू शकणारं राज्य. ऑक्टोबरात तिकडच्या माणसाची टपालपेटी उमेदवारांच्या गुळगुळीत रंगीत पत्रकांनी फुगते, दारावरची बेल वाजायची थांबत नाही, टीव्हीवर दर जाहिरातीत कुणीतरी त्याच्या नातवंडांची काळजी करत असतो. नदीच्या अलीकडे, तुमच्या पेटीत, गटार साफ करणाऱ्याचं कुपन. मग आपले लोक शनिवारी गाडी काढून पूल ओलांडतात आणि बक्स काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, अनोळखी माणसांच्या दारांवर टकटक करतात. तुम्हीही करा. आपल्या मताला वजन नसेल, तर वजनदार मतवाल्याचे पाय धरण्यात कमीपणा कसला?

हे बदलता येणार नाही का, असा बालिश प्रश्न विचारू नका. देशभरात ज्याला जास्त मतं, त्यालाच आपली इलेक्टोरल मतं द्यायची, अशा राज्याराज्यांच्या करारात न्यू जर्सी २००८ पासून आहे. करारातल्या राज्यांची मिळून २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे बहुमत, जमलं की तो लागू होणार. तोवर धीर धरा. सेनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, तर गोष्टच सोडा. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, म्हणजे आपल्या नाशिकच्या निम्मीही नाही. कॅलिफोर्नियात चार कोटींच्या आसपास माणसं. सेनेटर दोघांनाही दोन-दोन. हे समानतेचं उदाहरण म्हणून मुलांना जरूर सांगा.

ज्या निवडणुकीत मत खरंच मोजलं जातं, तिकडे मात्र फिरकू नका. इथे घसरायला फार वाव आहे.

जूनची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक घ्या. पूर्वी किती सोय होती! काउंटीतल्या पक्षपुढाऱ्यांनी पसंत केलेले उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत नीट मांडलेले असायचे आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. त्या कोपऱ्याला इथली राजकारणी मंडळी सायबेरिया म्हणत. तुम्ही ओळ पकडायची आणि घरी जायचं. मग सेनेटसाठी उभे असलेले डेमोक्रॅट अँडी किम कोर्टात गेले, मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती ओळ थांबवली आणि २०२५ मध्ये विधिमंडळाने ती कायद्यानेच मोडीत काढली. आता उमेदवारांची नावं स्वतः वाचावी लागतात. म्हणून सुचवतो, जूनची भारताची तिकिटं आधीच काढून ठेवा.

आणि स्कूल बोर्ड, म्हणजे गावच्या शाळांचा कारभार बघणारं निवडून आलेलं मंडळ? ते तर मतपत्रिकेच्या पार तळाला. तुमच्या प्रॉपर्टी टॅक्समधला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना जातो आणि तो कसा खर्चायचा हे साधारण नऊ माणसं ठरवतात. जिथे ही निवडणूक नोव्हेंबरमध्ये होते, तिथे करवाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असली की बजेटवर मतदान होतच नाही. म्हणजे तुमच्या हातात उरली ती नऊ माणसं. त्यांची सभा सामान्य लोकांना खुली असते, पण गुरुवारी संध्याकाळी, आणि गुरुवारी मुलीचा तबल्याचा क्लास. शिवाय उभं राहिलेल्यांपैकी एकजण सोसायटीच्या दिवाळीत समोसे वाटताना भेटला होता, त्याचं नाव आठवत नाही. तेव्हा तो रकाना कोराच बरा.

१ नोव्हेंबरला टॅक्सचा तिमाही हप्ता येतो. तो भरताना शाळेच्या आकड्यावर बोट ठेवून मनसोक्त करवादा, ‘लुटतात हो!’ म्हणा. मग मतपत्रिका घ्या, सगळ्यात वरचा एक गोल काळाभोर रंगवा आणि पाकीट चिकटवून टाका. मतदानाच्या रात्री आठला इथली केंद्रं बंद होतील तेव्हा कोथरूडला सकाळचे साडेसहा वाजलेले असतील आणि सासरे चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसलेले असतील. त्यांचा फोन येईलच. पेनसिल्व्हेनियातल्या एकेका काउंटीचं गणित त्यांना तुमच्याहून चांगलं येतं, तेव्हा तयारी करून ठेवा. स्कूल बोर्डावर कोण आलं हे ते विचारणार नाहीत.